मॉडेल बनवता येते, मग सुदूर संवेदन वेगळे शिकावे का?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मशीन लर्निंगचे दोन अभ्यासक्रम पूर्ण केले आहेत. उपग्रह प्रतिमांच्या आधारे पृथ्वीचे निरीक्षण करण्याच्या क्षेत्रात मला काम करायचे आहे. प्रतिमा ओळखण्याचे काम मॉडेलच करणार असेल, तर सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग, म्हणजे दुरून केलेल्या मोजमापांवरून माहिती मिळवण्याचे शास्त्र) वेगळे शिकण्याची खरोखर गरज आहे का? की पुढच्या सत्रात डीप लर्निंगचा आणखी एक विषय घ्यावा?

उत्तर : गरज आहे. तुमची संगणकाची बाजू भक्कम आहे, पण या क्षेत्रात महागात पडणाऱ्या चुका बहुधा समोरचा आकडा कशाचा आहे हे न उमगल्यामुळे होतात.

उपग्रहाची प्रतिमा छायाचित्रासारखी दिसत असली, तरी तिचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक मोजमाप असते. निरोगी पानातील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते आणि पानाची अंतर्गत रचना डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. वनस्पतींचा सर्वाधिक वापरला जाणारा निर्देशांक या दोहोंतील फरकावरच उभा आहे. सेंटिनेल-२ हा उपग्रह अशा १३ वर्णपट्ट्यांत (प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबींच्या पट्ट्यांत) मोजणी करतो, पण ढगांपुढे त्याचा इलाज चालत नाही. तेथे सेंटिनेल-१ या उपग्रहाचे रडार उपयोगी पडते, कारण त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात. रडारच्या प्रतिमेत शांत पाणी काळे दिसते, कारण त्याच्या सपाट पृष्ठभागावरून लहरी उपग्रहाकडे न परतता पलीकडे निघून जातात. मात्र विमानतळाची गुळगुळीत धावपट्टीही याच कारणाने काळी दिसते. हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे मॉडेल धावपट्टीवर पूर दाखवील आणि चूक कोठे झाली हे त्याला शोधताही येणार नाही.

अचूकतेच्या आकड्याबाबत तर मी तुम्हाला विशेष सावध करू इच्छितो. प्रतिमेतील १०० पैकी केवळ २ पिक्सेल पुराचे असतील, तर ‘पूर कोठेच नाही’ असे सांगणारे निरुपयोगी मॉडेलही ९८ टक्के अचूक ठरते. शिवाय शेजारशेजारचे पिक्सेल एकमेकांसारखे असतात. त्यांतलेच काही शिकवण्यासाठी आणि काही तपासण्यासाठी सरमिसळ करून वापरले, तर निकाल फसवा चांगला येतो. म्हणून तपासणीसाठी पूर्णपणे वेगळा भूभाग राखून ठेवावा, आणि शक्य तेथे प्रत्यक्ष जागेवर जाऊन घेतलेल्या नोंदींशी उत्तर पडताळून पाहावे. हे काम वेळखाऊ असते, तरीही ते टाळू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सरावासाठी खर्चाची अडचण नाही. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेतील प्रतिमा १९७२ पासूनच्या आहेत आणि २००८ पासून तो साठा विनामूल्य खुला आहे. क्यूजीआयएस ही नकाशाप्रणालीही मोफत मिळते. तुम्हाला पायी फिरून माहीत असलेला एखादा जलाशय निवडा आणि त्याचे पाणीक्षेत्र दहा वर्षांत कसे बदलले ते काढा. ढगांच्या सावलीला पाणी समजण्याची चूक तुमच्याकडून होईल. ती कशी ओळखली आणि कशी दुरुस्त केली, हे सविस्तर लिहून ठेवा. मुलाखतीत तयार माहितीसंचावरील उच्च गुणांपेक्षा या नोंदींवर अधिक बोलता येईल.

पुढच्या सत्रासाठी सुदूर संवेदनाची मूलतत्त्वे हाच विषय घ्यावा. तो उपलब्ध नसल्यास संख्याशास्त्र घ्यावे. डीप लर्निंगचा तिसरा अभ्यासक्रम एक वर्ष थांबू शकतो.