‘जेवलो की लगेच जावं लागतं’
तिशीतले एक गृहस्थ माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या हातात एक छोटी वही होती. डाव्या रकान्यात जेवणाच्या वेळा, उजव्यात शौचाच्या. दोन्हींत बहुधा अर्ध्या तासाचे अंतर. “खाल्लेलं अंगी लागतच नाही, तसंच बाहेर पडतं,” असे त्यांचे म्हणणे होते. डॉक्टरांनी सर्व तपासण्या करून आजार नसल्याचे सांगितले होते. तरीही कामावर फजिती होईल या धास्तीने त्यांनी सकाळचे खाणे सोडले होते, त्यामुळे वजन उतरले होते, आणि उतरलेले वजनच त्यांना आजाराचा पुरावा वाटू लागले होते.

ही तक्रार मी वारंवार ऐकते. अशा वेळी धीर देण्याआधी मी कागदावर अन्नमार्ग काढून दाखवते. घास काही सेकंदांत अन्ननलिकेतून जठरात उतरतो, परंतु जठर त्याला २ ते ४ तास घुसळत ठेवते; मग सुमारे ६ मीटर लांबीच्या लहान आतड्यात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस मिसळून पचन पुरे होते व आतल्या अस्तरावरचे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे सत्त्व शोषून घेतात. उरलेला चोथा दीड मीटरच्या मोठ्या आतड्यात पाणी गाळत रेंगाळतो, कित्येकदा दिवसभराहून अधिक.

“मग आज सकाळचं ते केव्हाचं?”

“कालचं, कदाचित परवाचं.”

ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. जठर भरून ताणले गेले की मोठ्या आतड्याला चोथा पुढे सरकवण्याचा संदेश जातो, म्हणजे नवे अन्न आत येताना जुन्याला वाट करून दिली जाते. हे प्रत्येकाच्या शरीरात घडते; मात्र आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशी असून त्यांचा मेंदूशी अखंड संवाद चालतो, म्हणून मन धास्तावलेले असले की तोच संदेश तातडीचा होऊन बसतो. शौचात रक्त, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा खाणे नेहमीचे असूनही घटणारे वजन असेल, तर आधी डॉक्टरांकडेच जावे, हे मी त्यांनाही बजावले.

आम्ही सोडलेली न्याहारी पुन्हा सुरू केली, पूर्वीपेक्षा अर्धा तास अलीकडे, आणि त्यानंतर घाई न करता बसायला वेळ राखला. चौथ्या भेटीत वही होतीच. तिच्यात सोमवारच्या जेवणापासून निघालेली पेन्सिलीची रेघ बुधवारच्या सकाळपर्यंत नेली होती, आणि न्याहारीचा रकाना रोज भरलेला होता.