वाचकांचे प्रश्न : पणजोबांच्या मागे कसे जायचे?

प्रश्न : घराणे परभणी जिल्ह्यातले. १८५०च्या सुमाराचे एकही नाव ठाऊक नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : तहसीलच्या अभिलेख कक्षातून. १९५४-५५चे खासरा पत्रक (गावातली कोणती जमीन कोणाकडे, याची नोंद) काढा आणि खातेदाराच्या नावावरून मागे सरका. जुने निजामी कागद उर्दू-फारसीत, गावचे बरेचसे मोडीत; म्हणून वाचणारा माणूस आधी गाठा. उर्दू-फारसीच्या घाईच्या शिकस्ता वळणात नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबे, गळतात. 'बापू' आणि 'बाबू' यांत फरक फक्त नुक्त्यांचा, तेव्हा एका कागदावर विसंबू नका.

कागदावरचा सन फसली (निजामी महसुली सन) असेल तर इसवी सनासाठी ५९० मिळवा : १३०० फसली म्हणजे १८९०-९१. तेच हिजरी समजलात तर आठ वर्षे चुकतात. शके असेल तर ७८ मिळवा.

घराण्याकडे इनाम जमीन असल्यास मुंतखब, म्हणजे त्या इनामाचा निजामी दाखला, मागा. त्यात वारसांची नावे सापडतात.

खरी खाण मात्र पैठण किंवा त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत; यात्रेला आलेल्या घराण्यांच्या वंशावळी त्यांत असतात. तिथे मूळ गाव आणि आडनाव सांगा. आडनाव बदलले असेल तर जुनेही.

मोठी फसगत होते ती नावांच्या पुनरावृत्तीने. नातवाला आजोबांचे नाव, त्यामुळे 'मारोती बापू, बापू मारोती, मारोती बापू' अशी ओळ लागते आणि दोन मारोती एक होतात. सर्व्हे नंबर आणि बायकोचे नाव पडताळा. बापाचे नाव अचानक बदलले, तर दत्तकपत्र शोधा.