पोलिसांना विचारायला गेले, तर चिडतील का?

तक्रार देऊन झालेली असते आणि पुढे महिनोन्‌महिने काहीच कळत नाही. "मॅडम, सारखं विचारायला गेलं तर चिडतील का हो ते?" ठाणे शहरात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण हेच विचारतात.

सुमनताई (नाव बदललंय) कळव्यात पोळीभाजी केंद्र चालवतात. पहाटे भाजी आणायला निघाल्या असताना दुचाकीवरच्या दोघांनी मंगळसूत्र खेचलं. त्या फरफटल्या, मनगट मोडलं. हाड जुळलं, पण लाटणं धरलं की हात थरथरायचा. आणि एकच पालुपद : "मी साधी ओरडलेसुद्धा नाही."

आमच्या बऱ्याच भेटी याच वाक्यापाशी अडल्या. शेवटी मी एफआयआरची प्रत आणायला सांगितली. रेशनकार्डाच्या पिशवीत चार घड्या घालून ठेवलेली, एकदाही न वाचलेली. म्हटलं, मोठ्याने वाचा. अडखळत त्या "मी आरडाओरडा केला असता सदर इसम" इथवर आल्या आणि थबकल्या.

"हे कुणी लिहिलं?"

"तुम्हीच सांगितलंत. खाली सही कुणाची?"

सहीवर बोट ठेवून त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग पुन्हा. रडल्या नाहीत, चिडल्या. इतके दिवस स्वतःवर काढलेला राग पहिल्यांदा चोरांकडे वळला. नुसता धीर देऊन हे साधलं नसतं. कायदा वकिलांवर सोडावा, असं मानणारे समुपदेशक आहेत. मला ते पटत नाही.

पुढच्याच आठवड्यात त्या पोलीस ठाण्यात गेल्या. "चिडले का?" मी विचारलं. "चिडले की! मी बाकावर बसून राहिले. मग तपास अधिकाऱ्यांचा नंबर दिला."

विचारणं हा उपद्रव नव्हेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांत तक्रारदाराला किंवा पीडिताला कळवायचं असतं, फोनवरूनही चालतं. एफआयआरची प्रत मोफत मिळते. महिलांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. 15100 वर फोन करा. आरोपीचा पत्ताच लागला नाही आणि खटला उभा राहिला नाही, तरी पुनर्वसनाची गरज असलेल्या पीडिताला या संहितेच्या कलम 396 खाली याच प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. मंजुरीची हमी नाही, म्हणून दवाखान्याची बिलं, एक्स-रे आणि बुडालेल्या कामाची नोंद जपून ठेवा. सुमनताईंच्या वहीत आता उधारीच्या पानामागे हीच यादी आहे.