रोज सेट न करता चालेल असा लेयर कट कोणता?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. केस खांद्याखाली वीतभर, दाट, थोडे लहरी. शाळेत नोकरी. सकाळी सातला स्कार्फ बांधून स्कूटीवर निघायचं, त्यामुळे ब्लो ड्राय वगैरे शक्य नाही. पार्लरला तीन-चार महिन्यांतून एकदाच जाणं होतं. लग्नकार्यात वेणी घालून गजरा माळता आला पाहिजे. आणि एवढं सगळं असूनही लेयर, म्हणजे वरचे केस आखूड आणि खालचे लांब, हव्यात. स्टेप, फेदर, बटरफ्लाय यांतलं काय घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

मी जुळे सोलापुरात लेडीज पार्लर चालवते, तेव्हा खुर्चीमागे उभी राहून जे दिसतं ते सांगते. तुमच्यासाठी मोजक्या, लांब लेयर आणि मागून यू, म्हणजे खालची कड U सारखी गोल. गळ्याखालचं जे आडवं हाड असतं, त्याच्या वर एकही बट नको. कटाच्या नावात अडकू नका. फेदर मागितला तर नवी पेठेत एक निघतो, होटगी रोडला दुसरा, आणि मोबाईलमध्ये दाखवलेला तिसराच असतो. पार्लरवालीला नाव सांगण्यापेक्षा सर्वांत आखूड बट कुठपर्यंत हवी ते बोट ठेवून दाखवा. पुढचे चार महिने सुखाचे जाणार की बक्कल शोधण्यात जाणार, हे त्या एका बटेवर ठरतं.

ती कुठपर्यंत हवी हे घरीच काढता येतं. शाळेला जाताना बांधता तसे केस मागे रबराने बांधा. एक दोरा घ्या, त्याचं टोक कपाळावर जिथून केस सुरू होतात तिथे धरा आणि कानावरून मागे रबरापर्यंत न्या. त्यापुढे चार बोटं जास्त धरून दोरा तोडा. आता तोच दोरा कपाळाच्या त्याच जागेवरून चेहऱ्यावर खाली सोडा. बहुतेक बायकांचा गळ्याच्या हाडापाशी येतो. त्याच्यापेक्षा आखूड कापलेली पुढची बट रबरात बसणार नाही, बसली तरी फळ्यावर लिहायला हात वर केला की निसटेल. चार बोटं जास्त अशासाठी की जेमतेम पोचणारी बट सकाळी अडकते आणि मधल्या सुट्टीत सुटते. तुम्ही क्लचर उंच लावत असाल तर दोरा थोडा आखूड निघेल, तेवढी सूट घ्या.

आता वाढीचा हिशोब. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, वर्षाला १५ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे तुमच्या चार महिन्यांत पाच सेंटीमीटर, दोन इंच. गळ्याच्या हाडापाशी असलेली बट दोन इंच खाली गेली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. भुवईवर कापलेली फ्रिंज, म्हणजे कपाळावरची झालर, मात्र एका महिन्यात डोळ्यांत जाते. हनुवटीपाशी कापलेली बट आवडली नाही तर ती गळ्याच्या हाडापर्यंत यायला आठ-दहा महिने लागतात, तोपर्यंत ती धड मोकळी शोभत नाही आणि धड बांधताही येत नाही. म्हणून पहिल्यांदा लेयर घेणाऱ्यांना मी लांबच ठेवायला सांगते. आखूड पुढच्या वेळी करता येते की.

लेयर कशी पडते तेही सांगते, म्हणजे खुर्चीत बसल्यावर काय चाललंय ते कळेल. बट सरळ खाली धरून कापली की सगळे केस एका रेषेत येतात, त्याला आम्ही शून्य डिग्री म्हणतो. डोक्यापासून सरळ बाहेर, ९० डिग्रीत धरून कापली की वरचे केस आखूड होतात आणि लेयर सगळीकडे पसरतात. पार वर, टाळूच्या दिशेला ओढून कापली तर १८०. त्यात खालची लांबी राहते, पण वरची आणि खालची बट यांच्यात फार अंतर पडतं. तुम्हाला मधलं हवंय. ४५ च्या आसपास, आणि तेही खालच्या भागात. त्यामुळे तिने टाळूवरचे केस एकदम उभे उचलले तर कात्री लावण्याआधी विचारा, ‘ही बट खाली सोडल्यावर कुठे येईल?’ यात वाईट वाटण्यासारखं काही नसतं. मला विचारलेलं आवडतं, निदान नंतरचं रडगाणं टळतं.

कमी लेयरचा आग्रह मी का धरते, याचं अर्ध कारण आपलं गाव आहे. एका लांबीच्या केसांत कोरडी टोकं सगळी खाली, पाठीवर असतात. लेयरमध्ये टोकं गालाशी, मानेशी, खांद्याशी, सगळीकडे येतात. जितक्या जास्त लेयर, तितकी टोकं नजरेसमोर. आणि सोलापुरात टोकांचे हाल काय होतात ते तुम्हाला माहीत आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी ठणठणीत, रस्त्याची धूळ वेगळीच. त्यात नळाला पाणी रोज नाही, मधल्या दिवसांत बोअर नाहीतर टँकर. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. ते केसावर बसतात आणि केस हाताला खरखरीत लागतात, फणी अडकते, टोकांना फाटे फुटतात. पुण्या-मुंबईच्या मुलीवर जो कट मऊ पडलेला दिसतो तो आपल्याकडे आठवडाभरात पिंजारतो, त्यात कापणारीचा दोष नसतो.

त्यावर उपाय साधा आहे. केस धुवायचा दिवस नळ येण्याच्या दिवशी ठेवा. ते जमलं नाही तर बोअरच्या पाण्याने धुवा, पण शेवटचे दोन-तीन तांबे नळाच्या साठवलेल्या पाण्याचे घ्या. अंगाचा साबण केसांना अजिबात नको; क्षाराच्या पाण्यात त्याचा फेस होत नाही, चिकट पांढरा साका होतो आणि तो केसांतच राहतो. शाम्पूचं तसं होत नाही. कंडिशनर फक्त टोकांना, मुळांना नको. आणि तेल लावून लेयर मोकळ्या सोडू नका, केस चपट पडतात आणि कापल्याच्या सगळ्या रेषा दिसतात. तेल लावायचं तर रात्री, सकाळी धुवायचंच असेल तेव्हा.

रेझरने लेयर काढून देते म्हणाली तर नाही म्हणा. रेझरचा काप तिरका जातो, टोक पातळ होतं आणि दमट हवेत ते छान दिसतंही. पण आपल्या कोरड्या हवेत महिनाभरात ती टोकं धुऊन धुऊन जुन्या झालेल्या टेरी टॉवेलच्या सुटलेल्या धाग्यांसारखी होतात. थिनिंगच्या, म्हणजे केस विरळ करणाऱ्या दातेरी कात्रीचंही तसंच. दाट केस बघितले की ती कात्री चालवायचा मोह होतो, वजन लगेच हलकं होतं, गिऱ्हाईकही खूश. पण आतले काही केस त्यात फार आखूड होतात, आणि वाढायला लागले की वरच्या केसांना बाहेर ढकलतात. दोन महिन्यांनी तुम्ही म्हणता की केस फुगायला लागले. तुमचे केस दाट आहेत, तेव्हा हा प्रश्न तुम्हाला येणारच. साध्या धारदार कात्रीनेच लेयर काढा म्हणा, वजन तेवढ्यानेही कमी होतं.

स्कार्फचं म्हणाल तर त्याने दोन गोष्टी होतात. टाळूवरचे केस दबतात, आणि पुढची आखूड बट स्कार्फमधून निसटून डोळ्यांवर नाहीतर घामाने ओठाला चिकटून बसते. दुसरीचा बंदोबस्त दोऱ्याच्या मापाने झालाच. पहिलीसाठी शाळेत पोचलात की स्कार्फ काढून मान खाली घाला, बोटं मुळांतून फिरवा आणि भांग नेहमीच्या जागेपासून अर्धा इंच सरकवून पाडा. दबलेले केस लगेच उचलले जातात. फणी नको, बोटांनीच. स्कार्फ जुना, मऊ सुती असेल तर केस कमी घासले जातात. ते चकचकीत सिंथेटिक स्कार्फ गुंता करतात. हेल्मेट घालत असाल तर आतून हाच मऊ स्कार्फ बांधा.

तुमच्या यादीतल्या आणि कानावर पडणाऱ्या इतर नावांचं पटकन सांगते. स्टेप कट सरळ आणि दाट केसांवर पहिल्या दिवशी उठून दिसतो, पण पायऱ्या वाढल्या की बेढब होतात. दीड-दोन महिन्यांनी जायची तयारी हवी. बटरफ्लायमध्ये वरचा थर हनुवटीपर्यंत आखूड आणि खालचा लांब असतो, फोटोतला तो फुगा रोलर नाहीतर ब्रश-ड्रायरने आणलेला असतो. फेदर, म्हणजे चेहऱ्याजवळच्या बटा पिसासारख्या हलक्या उतरत जाणारा कट, त्यातल्या त्यात तुमच्या जवळचा, फक्त पुढची बट खाली घ्यायची. वुल्फ कट, म्हणजे टाळूवर खूप आखूड आणि खाली लांब विस्कटलेला, कॉलेजच्या मुलींसाठी ठीक. फ्रिंज सांभाळणं ही वेगळी नोकरीच आहे, तुम्हाला एक पुरे.

वेणीबद्दल बऱ्याच जणी विचारत नाहीत, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. लेयरच्या केसांची वेणी वर जाड आणि खाली बारीक होते, शिवाय आखूड टोकं पेडांतून बाहेर डोकावतात. यू कट आणि लांब लेयर असतील तर हे कमीत कमी होतं. व्ही कट, म्हणजे खाली टोकदार, घेतलात तर खाली शेपटीच उरेल. वेणी शेवटपर्यंत ओढू नका, जिथे पेड बारीक व्हायला लागतात तिथेच रबर लावा आणि खालचं मोकळं सोडा. गजरा वेणीच्या सुरुवातीला, मानेच्या वर अडकतो, तिथे केस भरपूर असतात, त्यामुळे गजऱ्याची काळजी नको. गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या आधी संक्रांतीसाठी केस कापायला येणाऱ्यांना मी हेच सांगते: यात्रेतल्या काठ्यांच्या मिरवणुकीला वेणी-गजरा हवा असेल तर कट दोन आठवडे आधी घ्या, टोकं जरा रुळू द्या.

हे वाचणाऱ्या इतर जणींचे केस वेगळे असतील. विरळ केसांना जास्त लेयर देऊच नयेत, खालचा भाग आरपार दिसतो. पुढच्या दोन बटा आणि मागे हलका यू, बास. खरोखर कुरळे असतील तर उलट लेयर हव्यातच, नाहीतर डोक्यावर चपटे आणि खाली पसरलेले त्रिकोणी दिसतात. पण कुरळे केस ओले असताना ताणले जातात आणि वाळले की वर चढतात. ते कोरडेच कापून घ्या, किंवा ठरवलेल्या मापापेक्षा तीन-चार बोटं लांब ठेवायला सांगा. तुमच्या लहरी केसांना एक-दोन बोटं पुरतील.

पार्लरला जाताना आदल्या दिवशी केस धुऊन, तेल न लावता, नेहमीचा भांग पाडून जा. इस्त्री करून गेलात तर लहर कुठे आहे, भोवरा कुठे आहे ते आम्हाला दिसत नाही. फोटो दाखवायचाच तर पाठीमागून काढलेला दाखवा, समोरच्या फोटोत केसांपेक्षा मेकअपच दिसतो. वेळही बघा. रविवारी आणि लग्नसराईत सगळ्या घाईत असतात. अमावस्या, शनिवार, श्रावण यांत केस न कापणाऱ्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. तुम्ही पाळत नसाल तर तेव्हाच या, कात्रीला घाई नसते. आणि ‘थोडंच कापा’ म्हणू नका, प्रत्येकीचं थोडं वेगळं असतं. ‘दोन बोटं’ म्हणा आणि बोटं दाखवा.

कट झाला की बहुतेक ठिकाणी स्मूदनिंग किंवा केराटिनचं, म्हणजे केस सरळ-मऊ करून घेण्याचं विचारतील, लेयर छान बसतील म्हणून. तुम्हाला देखभाल कमी हवीय ना? मग ते नको. स्मूदनिंग केलंत तर चार-सहा महिन्यांत मुळाशी तुमचे लहरी केस आणि खाली सरळ केस अशी दुरंगी अवस्था होते, केराटिन हळूहळू उतरून जातं, आणि दोन्हींत पुन्हा खर्च मागे लागतो.

चार महिन्यांनी परत जाल तेव्हा ती विचारेल, ‘लेयर परत काढू का?’ नको म्हणा, फक्त फाटे फुटलेली टोकं कापा, आहे त्याच रेषेत. दर वेळी लेयर नव्याने काढल्या की वरची बट दोन बोटं वर सरकते आणि वर्षभरात तुमच्या नकळत हनुवटीला येते. तो दोरा कुठेतरी जपून ठेवा. पुढची बट त्याच्यापेक्षा बरीच लांब झाली, साधारण वर्षाने, तेव्हाच लेयर पुन्हा काढायच्या, आणि त्याही दोऱ्याएवढ्याच.