गार्ड मिळाला की नेऊ

“आत आजारी पडलं तर बाहेरच्या दवाखान्यात नेतात का हो?”

न्यायालयाच्या आवारात, स्टॅम्पवाल्यांच्या मागच्या खोलीत आमच्या संस्थेचं एक टेबल आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथे बसते. तुरुंगातल्या बंदींच्या, म्हणजे कैद्यांच्या, घरची माणसं येतात, बहुतेक बायकाच. हा प्रश्न महिन्यातून चार-पाचदा ठरलेला. तो विचारून झाला की खुर्ची थोडी पुढे सरकते, आवाज खाली येतो आणि दुसरा प्रश्न येतो: “आपण अर्ज-बिर्ज केला तर आत त्याला त्रास देतील का?”

माणूस बसची वाट वाकडी करून माझ्याकडे येतो तो या दुसऱ्या प्रश्नासाठी. म्हणून एक प्रकरण जरा सविस्तर सांगते. गाव सांगत नाही, काही तपशीलही बदलले आहेत. त्यांना मी वहिनी म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

वहिनींचे यजमान एका पतसंस्थेत कॅशियर होते. संस्था बुडाली, ठेवीदारांनी गुन्हा दाखल केला, संचालकांपैकी दोघांना अटकपूर्व जामीन मिळाला आणि हे आत गेले. कच्चा कैदी म्हणून जिल्हा कारागृहात सहावा महिना चालू होता. वय बावन्न, साखर बारा वर्षांपासून, दोन वेळा इन्सुलिन.

“सोमवारी मुलाखतीला गेले होते,” वहिनी सांगायला लागल्या. “त्यांच्या एका स्लीपरचा पट्टा तुटलेला. म्हटलं, मनीऑर्डर केलीय, कॅन्टीनमधून नवीन घ्या. तर म्हणाले, मीच तोडलाय, बोटाला घासत होता. मग काचेपलीकडून पाय वर करून दाखवला. अंगठ्याशेजारच्या बोटाला टॉवेलची चिंधी गुंडाळलेली. दुखतंय का विचारलं, तर म्हणाले, अजिबात नाही.”

त्या ‘अजिबात नाही’वर त्यांना हायसं वाटलं होतं. साखरेच्या पेशंटची जखम दुखत नसेल तर आधी घाबरावं, हे मला माझ्या वडिलांच्या पायाने शिकवलंय. नसा बधिर झालेल्या असतात. बोट काळं पडेपर्यंत पत्ता लागत नाही.

तरीही त्या दिवशी मी एक चूक केली. “आत डॉक्टर असतात, लागलं तर सिव्हिलला नेतात, काळजी करू नका,” असं म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. समुपदेशनाच्या प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात सांगतात की खोटा धीर देऊ नका. पण समोर रडवेला चेहरा असला की तोंडातून नेमकं तेच निघतं.

पुढच्या मंगळवारी वहिनी पुन्हा आल्या. डॉक्टरांनी पाय पाहिला होता, सिव्हिलसाठी रेफरही लिहिलं होतं. त्याला आठ दिवस होऊन गेले होते. गेटवर विचारलं की एकच उत्तर: गार्ड मिळाला की नेऊ.

हे गार्डचं प्रकरण बाहेरच्या माणसाला माहीत नसतं, म्हणून थोडं थांबून सांगते. बंदीने दुखणं सांगायचं, कारागृहाच्या डॉक्टरने तपासायचं, त्याच्या आवाक्याबाहेरचं असेल तर बाहेर पाठवायला सांगायचं, इथवरचा प्रवास चार भिंतींच्या आत होतो. इंग्रजांच्या १८९४ च्या कारागृह कायद्यातसुद्धा लिहिलंय की बंदी आजारी दिसला किंवा त्याने डॉक्टर मागितला, तर ड्युटीवरच्या माणसाने ताबडतोब वर कळवायचं. अडतं ते यानंतर. फाटकाबाहेर न्यायला पोलीस लागतात, त्यालाच गार्ड म्हणतात, आणि ते कारागृहाचे नसतात, पोलीस मुख्यालयातून येतात. अधीक्षक मागणीचं पत्र पाठवतात. त्याच मुख्यालयातून तारखांसाठी न्यायालयात पोचवायला माणसं जातात, त्यातूनच मिरवणुका, मंत्र्यांचे दौरे, गणपतीचा बंदोबस्त. तुमचा पेशंट त्या यादीत कुठेतरी खाली. ओपीडी सकाळची. गार्ड साडेबाराला आला तर पोचेपर्यंत केसपेपरची खिडकी बंद. डॉक्टरांनी बघून ‘परवा सोनोग्राफीला आणा’ म्हटलं, की परवासाठी पुन्हा नवीन पत्र, नवा गार्ड. जीव धोक्यात असेल तेव्हा अधीक्षक आदेशाची वाट न बघता पाठवू शकतात आणि पाठवतातही. छातीत कळ आली तर ती सगळ्यांना दिसते. चिंधीखालचं बोट कोणाला दिसत नाही.

तेवढ्यात वहिनींनी पर्समधून बचत गटाचं पासबुक काढलं. गेटसमोरच्या टपरीवर एक जण भेटला होता. वीस हजार द्या, सिव्हिलला ॲडमिट करून देतो, महिनाभर आरामात राहतील, म्हणाला होता.

मी साफ नाही म्हटलं. पैसे जातात हे तर आहेच. पण या ‘आरामात’ शब्दाने खऱ्या आजारी बंदींचं फार वाटोळं केलंय. ज्यांचे हात वरपर्यंत पोचतात ते महिनोन्‌महिने वॉर्डात मुक्काम ठोकतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात ससूनच्या कैद्यांच्या वॉर्डातला अमली पदार्थांच्या गुन्ह्यातला एक बंदी पळाला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने ते वाचलं. अशा बातमीनंतर ‘बाहेर न्या’ म्हणणारा प्रत्येक जण संशयित होतो, पाय सडत चाललेला कॅशियरसुद्धा.

मग तो दुसरा प्रश्न आला, पण वहिनींच्या तोंडून निराळाच. त्यांना तुरुंगातल्या साहेबांची भीती नव्हती. “ताई, आमच्या गल्लीतल्या एका आजींचे तीन लाख त्या संस्थेत गेलेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय त्यांचं. मी कोणत्या तोंडाने कोर्टात जाऊन म्हणू, माझ्या नवऱ्याच्या बोटाकडे बघा?”

मी लगेच काही बोलले नाही. त्या सहा महिने दळणाला दुसऱ्या गल्लीत जात होत्या. स्वतःची बीपीची गोळी त्यांनी बंद केली होती. कारण विचारलं तर म्हणाल्या, ते तिकडे तसे, मी इकडे औषधं खाऊ? हे मला घरोघरी दिसतं. आत एक माणूस जातो आणि बाहेरचं घर आपणहून शिक्षा भोगायला लागतं. गुन्हा शाबित झालेला नसतो, तरी.

मी म्हटलं, “आजींचे पैसे कोणी खाल्ले ते न्यायाधीश बघतील. त्यासाठी हे तारखेला उभे राहायला हवेत की नको? पाय गेला तर त्यात आजींचा एक रुपया परत येणार आहे का?” त्या हसल्या नाहीत, पण पासबुक पर्समध्ये गेलं. कोणताही न्यायाधीश शिक्षेत ‘सक्तमजुरी आणि गँगरीन’ असं लिहीत नाही, हेही मी म्हटलं. जरा कडवटच बोलले, पण त्या वेळी तेच लागू पडलं.

त्रास देतील का, याचं माझं उत्तर आता ठरलेलं आहे. गेटवरच्या शिपायाशी भांडलात, फोनवर साहेबांना धमकी दिलीत, तर कटकट वाढू शकते. न्यायालयातला वैद्यकीय अर्ज ही तक्रार नसते. त्यात कोणावर आरोप करायचा नाही. पेशंटला काय झालंय, आधीचे कागद काय सांगतात, काय हवंय, एवढंच मांडायचं. न्यायालय कारागृहाकडून अहवाल मागवतं. अनेकदा अधीक्षकांनाही तो आदेश हवाच असतो, कारण तो जोडला की मुख्यालयाकडचं गार्डचं पत्र वजनदार होतं. हे मला एका निवृत्त तुरुंगाधिकाऱ्यांनी चहा पिता पिता सांगितलं होतं. तोवर मीही समोरच्याला शत्रूच धरत होते.

वकिलाला द्यायला पैसे नव्हते. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न किती हे बघत नाहीत. विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदाच तसा आहे. आमच्या खोलीपासून चाळीस पावलांवर लोकअभिरक्षक कार्यालय आहे, हे मोफत वकील तिथेच बसतात. ज्यांना यायला जमत नाही त्यांना मी १५१०० हा विधी सेवेचा मदतीचा नंबर देते.

वहिनींना घरून सगळे जुने कागद आणायला सांगितले. पिशवीभर आणले: केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, मेडिकलची बिलंसुद्धा. त्यातून आम्ही पाचच काढले, झेरॉक्सचे दोन संच केले. मुलीच्या शाळेच्या वहीत एका पानावर तारखा लिहिल्या. कोणत्या मुलाखतीत ते काय म्हणाले, चिंधी कधी दिसली, रेफर कधी झालं. ‘तब्येत बरी नाही’ असं म्हणणारे अर्ज रोज येतात. ‘बारा वर्षांचा मधुमेह, पायाच्या बोटाला जखम, रेफर होऊन दहा दिवस’ हे वाचून मान वर होते. त्याच वहीत मी आणखी एक ओळ लिहून घेतली. आत संध्याकाळचं जेवण लवकर मिळतं, दिवस मावळायच्या सुमाराला सगळ्यांना बराकीत बंद करतात. मग इन्सुलिन किती वाजता देतात आणि जेवण किती वाजता? वहिनींनी पुढच्या मुलाखतीत विचारलं. दोन्हींचा मेळ नव्हता. तेही अर्जात गेलं.

त्या दिवशी निघताना वहिनी म्हणाल्या, “ते म्हातारे फादर गेले ना, टीव्हीवर दाखवत होते, तसं तर नाही ना होणार?” एल्गार परिषद प्रकरणात कच्चे कैदी असलेल्या स्टॅन स्वामींबद्दल बोलत होत्या. तळोजा कारागृहातून त्यांना उच्च न्यायालयाच्या आदेशाने वांद्र्याच्या खासगी रुग्णालयात हलवलं ते २८ मे २०२१ ला, आणि ५ जुलैला ते गेले. त्याच प्रकरणातले कवी वरवरा राव त्याच तळोजात होते. त्यांना नोव्हेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयानेच नानावटी रुग्णालयात पाठवलं आणि पुढे वैद्यकीय कारणावर जामीनही मिळाला. ‘तसं होणार नाही’ हे शब्द ओठांवर आले होते. पण आधीची चूक आठवली. म्हटलं, “माहीत नाही वहिनी. उद्या सकाळी अकराला अर्ज द्यायचाय, एवढं माहीत आहे.”

तीन दिवसांनी कारागृहाचा अहवाल आला. डॉक्टरांनी अमुक तारखेला रेफर केलं, दोनदा गार्ड मागितला, दोन्ही वेळा उपलब्ध झाला नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं. न्यायाधीशांनी अठ्ठेचाळीस तासांत सिव्हिलच्या सर्जरी विभागात तपासून अहवाल द्या, असा आदेश काढला आणि प्रत पोलीस अधीक्षकांनाही पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गाडी लागली.

कोणत्या दिवशी नेणार हे घरच्यांना सहसा सांगत नाहीत, सुरक्षेचं कारण असतं. वॉर्डात भेटायलाही परवानगी लागते. वहिनींना ते सिव्हिलच्या लिफ्टजवळ अचानक दिसले, कारण त्या योगायोगाने स्वतःची बीपीची गोळी घ्यायला तिथे गेल्या होत्या. यजमानांच्या हातात बेडी होती. वहिनी खांबाआड गेल्या. “मी त्यांना तसं बघितलेलं त्यांना आवडलं नसतं,” म्हणाल्या. आदेश नसताना दवाखान्यात बेडी घालायला सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच मनाई केली होती. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत काही गुन्ह्यांत अटक करताना आणि न्यायालयात नेताना बेडीची मुभा आली आहे, हा गुन्हा मात्र त्यात नव्हता. वकिलांना सांगून हा मुद्दा पुढच्या तारखेला नोंदवू या का, असं मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, आधी पाय.

बोट वाचलं नाही. अकरा दिवस ॲडमिट होते, ते एक बोट काढावं लागलं, बाकीचा पाय राहिला. आठ दिवस आधी नेलं असतं तर बोटही राहिलं असतं का, हे मी सर्जननाच विचारलं. त्यांनी खांदे उडवले. मला वाटतं, राहिलं असतं. वहिनींनी हे मला कधी विचारलं नाही आणि मीही आपणहून काढलं नाही.

कारागृहात परतल्यावर इन्सुलिनची वेळ बदलली. जामिनाचा अर्जही नव्याने गेलाय, आजारी माणसासाठी तशी सवलत कायद्यात आहे. त्यावर अजून निकाल नाही.

परवा वहिनी आल्या तेव्हा सांगत होत्या, त्या आजी दळणाच्या रांगेत भेटल्या. हो, दळण आता आपल्याच गल्लीत. आजींनी विचारलं, “पाय कसाय त्याचा? आणि आमच्या पैशाचं काय झालं?” सगळं एका दमात. वहिनींनी पायाचं सांगितलं. पैशाचं त्यांनाच ठाऊक नव्हतं, तेही सांगितलं.

गुरुवारी ड्रेसिंगची तारीख होती. गार्डचं पत्र गेलंय का ते गेटवर विचारायचं म्हणून त्या चहा अर्धा टाकून उठल्या.