भाडेकरू असलेल्या घरात वायफाय राउटर कसा लावावा आणि सुरक्षित कसा ठेवावा?

तुम्ही विचारलंय की इंदूरला रामबागेतल्या जुन्या घरी आईबाबांसाठी फायबर घेतलंय, वरच्या मजल्यावर शिकणारी मुलं भाड्याने राहतात, त्यांनाही वायफाय द्यायचंय, तर राउटर कसा लावावा. मीही इंदूरचाच. आमच्याकडेही वरती विद्यार्थी असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जागेचं आधी उरकतो. फायबरवाला दारापाशी मीटरजवळ राउटर ठोकून मोकळा होतो. त्याला तिथेच थांबवा आणि केबल आत जिन्यापर्यंत ओढून घ्या. राउटर उंचावर, मोकळ्या जागी हवा. लोखंडी कपाटावर किंवा फ्रिजमागे नको. राउटर दोन लहरींवर वायफाय देतो: जुन्या जाड भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झ लवकर दमतं, २.४ लांब पोचतं पण वेग कमी. दोन्ही चालू ठेवा.

आता महत्त्वाचं. पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा खुद्द राउटरच्या सेटिंगचा, आणि तो बहुतेक घरांत कुणी बदलतच नाही. राउटर उलटा करून खालचं लेबल वाचा. सेटिंग उघडायला ब्राउजरमध्ये टाकायचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१, आणि कित्येक राउटरवर युजरनेम, पासवर्ड दोन्ही ‘ॲडमिन’. तसंच राहिलं तर वायफायला जोडलेला कुणीही आत शिरून डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता शोधणारी सेटिंग, बदलू शकतो. मग बाबांनी बँकेचा पत्ता अचूक टाइप केला तरी ते भलत्याच साइटवर जातील. ब्राउजर धोक्याची सूचना देईल, पण ती वाचून ते थांबतीलच असं नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते अशाच कंपनीकडून आलेल्या साठेक पासवर्डांच्या जोड्या वापरून. त्यामुळे हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि वहीत लिहून ठेवा. बाहेरून राउटर उघडण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, तीही बंद करा.

वायफायचा पासवर्ड म्हणून आपल्याकडे सर्रास मोबाइल नंबर ठेवतात. कृपा करून ठेवू नका. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी नंबर सगळे मिळून ४०० कोटी. तुमचा फोन राउटरला जोडला जातानाची देवाणघेवाण कुणी बाहेर रस्त्यावरून पकडली, तर पुढचे अंदाज त्याला घरी बसून लावता येतात, आणि चांगल्या ग्राफिक कार्डाला एवढे नंबर तपासायला काही तास पुरतात. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहा. आईच्या लक्षात राहतील आणि अंदाजाने सापडणार नाहीत. सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए३ निवडा, जुने फोन जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए२-एईएस. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने फोन जोडण्याची सोय) सेटिंगमधून बंद करा: त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, म्हणून जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत सापडतो, हे २०११ पासून सगळ्यांना ठाऊक आहे. नेटवर्कचं नाव लपवण्यात मात्र वेळ घालवू नका, सहज मिळणाऱ्या साधनांनी ते शोधून काढता येतं.

मुलांना स्वतंत्र गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचं वेगळ्या नावाचं आणि पासवर्डचं वायफाय, द्या. यात त्यांच्यावर अविश्वास नाही. त्यांचे मित्र येतात, पासवर्ड पसरतो, आणि जोडणी बाबांच्या नावावर आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका रहिवाशाच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस आधी त्याच्याच दारात पोचले. भाडेकरू बदलले की गेस्टचा पासवर्डही बदला.

काही स्वस्त राउटरांत गेस्ट नेटवर्क नावापुरतंच वेगळं असतं. सगळं झालं की गेस्टला जोडलेल्या एखाद्या मुलाच्या फोनवरून १९२.१६८.१.१ उघडून बघा. लॉगिनचं पान दिसलं, तर सेटिंगमध्ये ‘आयसोलेशन’ (गेस्टला घरच्या नेटवर्कपासून तोडणारी सोय) शोधून चालू करा; ते नसेलच, तर वरच्यांसाठी दुसरी जोडणी घेतलेली बरी.