शेपट्या तुटलेलं काळं फुलपाखरू कोणतं? पंखांना रोग लागतो का?

जांबोटी रस्त्याला काळं फुलपाखरू दिसलं, मागच्या पंखांवर पांढरे चट्टे, कडेला लाल ठिपके, शेपट्या नाहीत आणि दोन्ही पंखांचा सारखाच तुकडा गेलेला, असं तुम्ही लिहिलंय. रोगबिग काही नाही, पक्ष्याची चोच लागलीय.

नावासाठी पंख सोडा, अंग बघा. डोकं नि पोट तांबडं असेल तर कॉमन रोज. अंग काळं असेल तर कॉमन मॉर्मनची मादी, जी कॉमन रोजचं सोंग घेऊन फिरते. कॉमन रोजच्या अळ्या ईश्वरीच्या वेलावर वाढतात आणि त्यातलं विष अंगात साठवतात. एकदा चव कळलेला पक्षी सहसा तसल्या फुलपाखराच्या वाटेला जात नाही. मॉर्मनच्या अळ्या खातात आपल्या परड्यातला कढीपत्ता नि लिंबाची पानं. त्यात कसलं आलंय विष! पंखांचं सोंग झकास वठलंय, अंग मात्र रंगवायचं राहून गेलं.

आता तुकड्याचं. पंख मिटून बसलेलं असताना चोच बसली की दोन्ही बाजू एकदम सापडतात, घडी घालून कागद कातरावा तशा. एकाच बाजूचा लचका गेला असेल तर बहुतेक पंख उघडे असताना किंवा उडताना धरलं असणार. शेपट्या जाणं तर फायद्याचंच, शेपटी चोचीत राहते नि जीव सुटतो. रंग विटून कडा विरलेल्या असतील तर ते वय झालेलं.

पण काहींच्या कडा मुळातच वेड्यावाकड्या असतात. अँगल्ड कॅस्टर बघा, किंवा संध्याकाळी दिव्याला येणारं इव्हनिंग ब्राऊन. कडेची रेघ खाचेबरोबर वळत गेली असेल तर खाच मूळची. रेघ मध्येच तुटली तर तुकडा गेलाय.

धरून घरी आणून बरं करू का, असंही विचारलंत. नको. पंख भरून येत नाही, आणि चिमटीत धरलं की पंखांवरचे उरलेले खवलेही बोटांना लागतात. एवढ्या तुकड्याने त्याचं उडणं अडत नाही. अडतं ते कोशातून निघताना पंख चुरगळलेले राहून तसेच वाळले तर, आणि त्यालाही आपल्याकडे इलाज नाही.

पुढच्या वेळी बाजूने, अंग दिसेल असा एक फोटो काढा. नुसत्या वरून काढलेल्या फोटोवर रोज का मॉर्मन म्हणून लोक भांडत बसतात.